शब्दचर्चा : जरीपटका, भगवा आणि झेंड्याची इतर नावे

विचारणा

पुण्यातील आमच्या ढोल-ताशा पथकाच्या परिचय-पुस्तिकेचा मजकूर सध्या लिहिला जात आहे. पथकात ढोल आणि ताशा यांच्याबरोबर ध्वज घेणाऱ्यांची वेगळी तुकडी आहे. तिच्याविषयी लिहिताना एका सहकाऱ्याने ‘पथकाचा जरीपटका दिमाखात फडकतो’ असे वाक्य केले. दुसऱ्याने त्याला हरकत घेतली. त्याच्या मते साध्या भगव्या ध्वजाला जरीपटका म्हणता येत नाही. तिसऱ्याचे म्हणणे असे की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच असून जरीपटका हा केवळ भारदस्त पर्याय आहे. जाणकारांनी कृपया उलगडा करावा.

उत्तर

हरकत घेणाऱ्या सहकाऱ्याचे बरोबर आहे, आणि प्रश्न केवळ कापडाला जर लावली आहे की नाही एवढ्यापुरता नाही. ‘भगवा झेंडा’ या शब्दांतून आपल्याला झेंड्याचा रंग कळतो. ‘जरीपटका’ या शब्दातून तो झेंडा कोणाच्या अधिकाराने पुढे चालला आहे हे कळते. पहिला शब्द वर्णनाचा आहे, दुसरा मानाचा. त्यामुळे ते एकमेकांच्या जागी सहजासहजी बसत नाहीत.

शब्दाची घडण सोपी आहे. ‘जर’ म्हणजे सोने, हा फारसी शब्द. त्यावरून सोनेरी तारेच्या कामाला ‘जरी’. ‘पटका’ म्हणजे कापडाची लांब पट्टी, मग ती कमरेला बांधलेली असो, डोक्याला गुंडाळलेली असो किंवा काठीला लावलेली असो. ग्रामीण महाराष्ट्रात पटका म्हटले की आजही आधी डोक्याचाच आठवतो, आणि म्हणून लग्नातील नवरदेवाच्या डोक्यावर असतो तो ‘जरीचा पटका’, लष्कराच्या पुढे असे तो ‘जरीपटका’. छपाईत हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेले दिसतात. झेंड्याच्या अर्थी तो नेहमी जोडून लिहावा. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या नावात रंगाचा उल्लेखच नाही.

आता मानाचा मुद्दा. ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात असे नोंदवले आहे की जिंजीच्या मुक्कामी राजाराम महाराजांनी संताजी घोरपडे यांना ‘हिंदुराव ममलकतमदार’ हा किताब दिला, जरीपटका नावाचे नवे निशाण त्यांच्या स्वाधीन केले आणि बादशाही दरबारातील वरिष्ठ सरदारांप्रमाणे नौबत वाजवण्याची परवानगी दिली. किताब, नौबत आणि जरीपटका या तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिल्या गेल्या, यातच या शब्दाचा अर्थ साठवलेला आहे. जरीपटका कोणी बाजारातून कापड आणून शिवून घेत नसे. तो राजाकडून मिळत असे आणि ज्याच्याकडे तो असे त्याचा हुकूम हा राजाचाच हुकूम समजला जाई. पुढे पेशवाईत तो मुख्य फौजेबरोबर चालणारे निशाण झाला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या मैदानावर पेशवे, शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा एकत्र आल्या, त्याचे वर्णन ‘एकाच जरीपटक्याखाली’ असे करतात, तेव्हा तेथे किती रंगांची निशाणे होती हा प्रश्न गैरलागू असतो. अधिकार एक होता एवढेच सांगायचे असते.

पुणेकरांना या शब्दाचा शेवटचा लष्करी प्रसंग दूर शोधावा लागत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज बापू गोखले यांच्या नेतृत्वाखाली खडकीकडे निघाली आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत राहिले. फौज शहराबाहेर पडत असतानाच जरीपटक्याची काठी मोडली आणि तो अपशकुन मानला गेला, ही हकीकत त्या काळच्या लेखनात आलेली आहे. झेंड्याची काठी मोडणे ही एरवी किरकोळ बाब. परंतु जे मोडले ते कापडाचे निशाण नसून राज्याची सत्ता आहे, असे पाहणाऱ्यांना वाटले म्हणूनच ती गोष्ट लिहिली गेली आणि सांगितली गेली. बारा दिवसांनी, १७ नोव्हेंबर रोजी, शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला. हे काम केल्याचा ठपका पुण्याने बाळाजीपंत नातूंवर ठेवला आणि तो दोन शतके उतरलेला नाही. निशाण कोणते होते यापेक्षा ते कोणाच्या हाताने चढले हे लोकांनी अधिक लक्षात ठेवले, हेही याच विचाराला धरून आहे.

राज्य गेल्यावर हा शब्द कोशात पडून राहायला हवा होता. तो जिवंत राहिला वारीमुळे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीपुढे दोन अश्व चालतात. एक माउलींचा, ज्यावर कोणी बसत नाही, आणि दुसरा स्वाराचा. त्या स्वाराच्या हाती असलेल्या निशाणाला आजही जरीपटकाच म्हणतात. हे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात. सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे पूर्वी शिंद्यांच्या पदरी होते, हे ध्यानात घेतले की संतांच्या पालखीपुढे अश्व आणि जरीपटका ही लष्करी लवाजम्याची चिन्हे का आली ते स्पष्ट होते. येथेही मागे दिंड्यांमध्ये शेकडो भगव्या पताका असतात, पण त्यांपैकी एकीलाही वारकरी जरीपटका म्हणत नाही. पालखी पुण्यात मुक्कामाला येते तेव्हा भवानी पेठेत पालखी विठोबापाशी उभे राहून कोणत्याही वारकऱ्याला विचारावे. तो हातातील वस्तूला पताका म्हणेल आणि घोडेस्वाराकडे बोट दाखवून जरीपटका म्हणेल. कोशापेक्षा हा पुरावा मला अधिक भरवशाचा वाटतो.

तेव्हा पुस्तिकेत ‘पथकाचा भगवा ध्वज’ असे लिहावे. जरीपटका हा शब्द रूपक म्हणून वापरता येईल, पण मग तो मान पथकाला कोणी दिला, असा प्रश्न विचारणारा वाचक पुण्यात हमखास भेटेल.

शंका

वरील भेद पटला. मात्र ‘भगवा’ हा शब्द वर्णनाचा आहे असे म्हटले, त्यावर शंका आहे. राष्ट्रध्वजाच्या वरच्या पट्ट्याला आपण केशरी म्हणतो, शिवरायांच्या झेंड्याला भगवा म्हणतो. रंग डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात, मग हे निव्वळ वर्णन कसे? तसेच ध्वज, झेंडा, निशाण आणि बावटा हे शब्द तरी खरोखर समानार्थी आहेत का?

उत्तर

शंका रास्त आहे. भगवा हे नुसते रंगाचे नाव नाही, हे मान्य करायलाच हवे. जुन्या मराठीत भगवे म्हणजे काव किंवा गेरू यांत बुडवलेले, गोसावी-बैराग्यांच्या अंगावरचे वस्त्र. केशरी हा रंग केशराचा, म्हणजे मूल्यवान फुलाच्या तंतूंचा; भगवा हा मातीचा. एक मेजवानीच्या पक्वान्नात पडतो, दुसरा संसार सोडलेल्याच्या छाटीला लागतो. आज दोन्ही रंग कारखान्यातून येतात आणि बाजारातील ‘भगवा’ हा बहुतेक वेळा झगझगीत नारिंगी असतो, म्हणून फरक डोळ्यांना दिसत नाही. शब्दांनी मात्र तो सांभाळून ठेवला आहे. भगव्या झेंड्याचे प्रतीक त्यागाचे आहे की शौर्याचे, असा वाद अधूनमधून होतो. शब्दाचा इतिहास त्यागाच्या बाजूने आहे. शौर्याचा अर्थ त्याला मराठ्यांच्या कर्तबगारीने मिळाला.

राष्ट्रध्वजाच्या बाबतीत सरकारी मराठीत ‘केशरी’ हाच शब्द रूढ आहे आणि औपचारिक लेखनात तोच वापरावा. १९३१ साली काँग्रेसने नेमलेल्या ध्वज समितीने संपूर्ण केसरी रंगाच्या एकरंगी झेंड्याची शिफारस केली होती. काका कालेलकर आणि ना. सु. हर्डीकर हे त्या समितीत होते. ती शिफारस स्वीकारली गेली नाही आणि तिरंगाच कायम झाला. पण पुढे २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला, तेव्हा सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी वरच्या पट्ट्याचा अर्थ सांगताना ‘भगवा’ हाच शब्द घेतला आणि त्याचा संबंध निःस्वार्थ त्यागाशी जोडला. तेव्हा त्या पट्ट्याला कोणी भगवा म्हटले तर ते अज्ञान ठरत नाही, इतकेच. जाता जाता एक खुलासा : टिळकांच्या ‘केसरी’चा या रंगाशी संबंध नाही, तो केसरी म्हणजे सिंह. गंमत अशी की मादाम कामा यांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत फडकावलेला, देवनागरीत ‘वन्दे मातरम्’ लिहिलेला झेंडा पुण्यात त्याच केसरीच्या वाड्यात जपून ठेवला आहे.

आता इतर शब्द. ‘ध्वज’ हा मुळात फक्त कापडाचा शब्द नाही. अर्जुन कपिध्वज, विष्णू गरुडध्वज, मदन मकरध्वज. या प्रत्येक नावात ध्वज म्हणजे उंच काठी आणि तिच्यावरील खूण. मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगर येथे हेलिओडोरस या ग्रीक राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारलेला स्तंभ आहे. त्यावरील लेखात त्या दगडी स्तंभालाच ‘गरुडध्वज’ म्हटले आहे. अमरकोशाने पताका, वैजयंती, केतन आणि ध्वज यांना एका ओळीत बसवले, तरी मराठीने पताका हलकी, छोटी आणि अनेकवचनी ठेवली. पताका लावतात, ध्वज उभारतात.

‘झेंडा’ हा बोलीचा आणि पराक्रमाचा शब्द. १७५८ च्या उत्तरेकडील स्वारीवरून ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. तेथे ‘अटकेपार ध्वज लावले’ असे लिहून पाहावे, वाक्यातील घोडा जागच्या जागी थांबतो. शाळेत मुले जातात ती झेंडावंदनाला, निमंत्रण पत्रिकेत मात्र ध्वजारोहण छापलेले असते. याला एकच अपवाद मला दिसतो आणि तो ढोल-ताशा पथकांनी घडवला आहे. तेथील मुलेमुली बोलतानाही ‘मी यंदा ध्वज घेते’ असेच म्हणतात. संस्कृत शब्द रस्त्यावर इतका सहज रुळल्याची उदाहरणे थोडी आहेत.

‘निशाण’ फारसीतून आले. मूळ अर्थ खूण. शरणागतीचे ते पांढरे निशाण; पांढरा ध्वज दाखवून कोणी मराठीत शरण जात नाही. जुन्या लष्करी मराठीत ‘ढाल’ या शब्दाचाही अर्थ मोठे निशाण असा होता आणि ते वाहणारा हत्ती तो ढालगज. हत्ती गेला, निशाण गेले, मागे उरली ती ‘ढालगज भवानी’, जी आपण कोणालाही न जुमानता पुढे चालणाऱ्या बाईला म्हणतो. ज्यांना हा शब्द शिवी वाटतो त्यांनी त्याचा उगम ध्यानात घ्यावा. सैन्याच्या अग्रभागी निशाण घेऊन चालणारा हत्ती ही काही कमी प्रतीची उपमा नव्हे.

‘बावटा’ हा शब्द कन्नड ‘बावुट’ या शब्दाचा सख्खा नातलग आहे. मराठीत तो दोन ठिकाणी स्थिरावला. एक, रेल्वेच्या गार्डच्या हातात, ज्यावरून मंत्री नव्या गाडीला ‘हिरवा बावटा’ दाखवतात. आणि दोन, कामगार चळवळीत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे कलापथक ‘लाल बावटा’ होते. कर्नाटकात मात्र हाच शब्द प्रादेशिक अस्मितेचा झाला. वर पिवळा आणि खाली तांबडा असा तेथील कन्नड बावुट म्हणजे हळद आणि कुंकू. २०१८ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने त्यात पांढरा पट्टा आणि मध्ये गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पौराणिक पक्षी घालून राज्याचा ध्वज म्हणून तो मंजूर केला, पण केंद्राची मान्यता मिळालेली नाही. महाराष्ट्र राज्यालाही स्वतःचा अधिकृत ध्वज नाही. त्यामुळे ‘महाराष्ट्राचा भगवा’ असे लिहिताना तो ऐतिहासिक आणि भावनिक अर्थाने लिहावा, शासकीय अर्थाने नव्हे. २ सप्टेंबर २०२२ रोजी अनावरण झालेल्या नौदलाच्या नव्या ध्वजाविषयीही असाच एक घोटाळा होतो. त्यावरील निळ्या अष्टकोनाची प्रेरणा शिवछत्रपतींच्या राजमुद्रेची आहे, झेंड्याची नाही.

पुरवणी

व्याकरणाविषयी दोन शब्द. जरीपटका पुल्लिंगी असून त्याचे सामान्यरूप ‘जरीपटक्या-’ असे होते : जरीपटक्याचा, जरीपटक्याखाली. ‘जरीपटकाचा’ हे रूप अशुद्ध आहे. नागपुरात जरीपटका नावाची मोठी वस्ती आहे आणि तेथे ‘जरीपटक्यात राहतो’ असे म्हणणे शुद्धही आहे आणि रूढही. ‘ध्वज’ पुल्लिंगी, देवळाच्या कळसावर असते ती मात्र ‘ध्वजा’, आणि ती स्त्रीलिंगी.