शाब्दिक उदाहरणातून गुणोत्तर मांडताना मुलं नेमकी कुठे चुकतात?

प्रश्न
'एका वर्गात ४५ विद्यार्थी असून त्यांपैकी २७ मुली आहेत. मुलग्यांच्या संख्येचे मुलींच्या संख्येशी गुणोत्तर काढा.' बरीच मुलं २७ : ४५ मांडतात आणि ३ : ५ उत्तर देतात. दुसरं म्हणजे ८४ : १२६ चं अतिसंक्षिप्त रूप विचारलं की ४२ : ६३ वर थांबतात. नेमकं काय करून घ्यावं?

उत्तर १
आकड्यांना हात लावण्याआधी गुणोत्तर शब्दांत लिहून घ्या: मुलगे : मुली. ज्याला 'चे' लागलंय ते पूर्वपद, ज्याला 'शी' लागलंय ते उत्तरपद. मग प्रत्येक शब्दाखाली त्याचा आकडा. मुलींखाली २७ येतात, पण मुलग्यांचा आकडा उदाहरणात दिलेलाच नाही, हे तिथल्या तिथे कळतं. ४५ − २७ = १८, म्हणून १८ : २७, म्हणजे २ : ३. पडताळा घ्यायचाच: २ + ३ = ५ भाग, ४५ ÷ ५ = ९, म्हणून १८ आणि २७.

४२ : ६३ वर थांबण्याचं कारण असं की मुलं २ ने भागत येतात, ६३ विषम दिसतो आणि काम संपलं असं वाटतं. तिथे ३ ची कसोटी लावायला सांगा. ४ + २ = ६, ६ + ३ = ९, दोन्हींना ३ ने भाग जातो: १४ : २१. पुढे ७ ने २ : ३. ८४ आणि १२६ चा मसावि ४२ आधीच काढला तर एका पायरीत होतं, पण टप्प्याटप्प्याने भागलं तरी काही बिघडत नाही. १ सोडून सामाईक विभाजक उरला नाही की थांबायचं.

उत्तर २
एककांकडेही लक्ष द्या. १ तास १५ मिनिटांचे ५० मिनिटांशी गुणोत्तर काढताना १.१५ तास लिहिणं साफ चूक, कारण तासाची मिनिटं ६० असतात. लहान एककात आणा: ७५ : ५०, म्हणजे ३ : २. उत्तराला एकक लावायचं नाही.

दशांश असतील तर दोन्ही पदांना एकाच संख्येने गुणा. २.५ : ०.७५ मध्ये नुसतं दशांशचिन्ह पुसलं की २५ : ७५ होतं आणि उत्तर १ : ३ येतं. पहिलं पद मोठं असताना उत्तरात ते लहान कसं, हा प्रश्न मुलांना पडायला हवा. १०० ने गुणून २५० : ७५, म्हणजे १० : ३. अपूर्णांक असतील तर छेदांच्या लसाविने गुणा: २/३ : ३/४ ला १२ ने गुणून ८ : ९.

प्रश्नकर्ता
'मुलगे : मुली' आधी लिहून घेण्याची युक्ती लगेच वापरतो. पण अ : ब = २ : ३ आणि ब : क = ४ : ५ असेल तर अ : ब : क कसं काढायचं? मुलं २ : ३ : ५ लिहून मोकळी होतात.

उत्तर १
ब एकीकडे ३ आणि दुसरीकडे ४ आहे, म्हणून ती गुणोत्तरं थेट जोडता येत नाहीत. ३ आणि ४ चा लसावि १२. पहिल्याला ४ ने गुणून ८ : १२, दुसऱ्याला ३ ने गुणून १२ : १५. आता ब दोन्हीकडे १२ झाला, उत्तर ८ : १२ : १५. यातल्या ८ आणि १२ ला ४ ने भाग जातो म्हणून मुलं तेवढीच दोन पदं भागतात, ते करू देऊ नका. भागायचं तर तिन्ही पदांना एकाच संख्येने, आणि १५ ला ४ ने भाग जात नाही.