मदत हवी आहे: मिनेसोटातील घराच्या भू-उष्णता पंपाचे लूप दर हिवाळ्यात अधिकच थंड होत आहे

नमस्कार. मिनिआपोलिसजवळील आमच्या घरात तीन वर्षांपूर्वी ४ टन क्षमतेचा भू-उष्णता पंप (जमिनीतली उष्णता खेचून घर गरम करणारे यंत्र) बसवला. अंगणात प्रत्येकी १५० फूट खोलीच्या चार उभ्या बोअर आहेत आणि त्यांतल्या बंद नळ्यांमधून, म्हणजे लूपमधून, न गोठण्यासाठी प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळलेले पाणी फिरते. पहिल्या हिवाळ्यात बाहेर उणे २५ अंश सेल्सिअस असतानाही घर २१ अंशांवर राहिले. घरात वयस्कर आई-बाबा असल्यामुळे त्याखाली जाणे आम्हाला परवडणारे नाही.

जमिनीतून पंपात येणाऱ्या द्रवाचे तापमान मी दर रविवारी लिहून ठेवतो. जानेवारीअखेर ते पहिल्या वर्षी २ अंश होते, दुसऱ्या वर्षी शून्यावर आले आणि यंदा उणे ३ झाले. इथली खोलवरची जमीन बारमाही सुमारे ९ अंशांची असते, म्हणून ही घसरण मला फार खटकते. द्रव जितका थंड, तितकी पंपाची उष्णता कमी पडते. ती उणीव भरून काढायला आता विजेचा पूरक हीटर रोज पहाटे चालू होतो, आणि तो एका युनिट विजेतून एकच युनिट उष्णता देतो, जिथे पंप पूर्वी साडेतीनच्या आसपास देत असे.

कंत्राटदार म्हणतात की थंडीच कडक होती. मात्र हीटिंग डिग्री डे (हिवाळाभरात किती थंडी पडली याचे माप) ताडून पाहिले, तर यंदाचा हिवाळा आधीच्या दोन्हींपेक्षा सौम्य निघतो. प्रवाह मिनिटाला ४५ लिटर आहे आणि पंपात येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या द्रवात ३ अंशांचा फरक पडतो, म्हणजे प्रवाहात दोष दिसत नाही. माझा संशय बोअरवर आहे: एकूण लांबी ६०० फूटच, शिवाय दोन बोअरमधील अंतर जेमतेम १० फूट. आम्ही उन्हाळ्यात एसी फार थोडा लावतो, त्यामुळे हिवाळ्यात काढलेली उष्णता जमिनीला परत मिळत नसावी.

ज्यांनी अशा थंड प्रदेशात हा पंप काही वर्षे वापरला आहे, त्यांना विचारायचे आहे: तुमच्याकडे ही घसरण काही वर्षांनी आपोआप थांबली का? आणखी एखादी बोअर दूर अंतरावर घेऊन याच लूपला जोडल्यास उपयोग होतो का, की उन्हाळ्यात सौर पॅनेलमधून जमिनीत उष्णता सोडणे अधिक बरे? जमीन गोठण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, मला निर्णय घ्यावा लागेल.