नवी गाडी आणि गरम पुढची चाकं: तुमचे अनुभव सांगा

नवखा सारथी
पाडव्याला गाडी घेतली, साधी हॅचबॅक, पुढे डिस्क ब्रेक (चाकाबरोबर फिरणारी उघडी तबकडी) मागे ड्रम ब्रेक (बंद डबा). काल पुणे-सातारा-पुणे पहिला लांबचा फेरा, परतीला खंबाटकीचा उतार मी ब्रेकवरच काढला. घरी आल्यावर बाबांनी पुढच्या चाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला, अरे हे तापलंय की! मागचं नुसतं कोमट. आई म्हणाली लिंबू नीट चिरडलंच नव्हतं तेव्हा :) शोरूमला फोन केला तर "सर नॉर्मल आहे" एवढंच. पण नॉर्मल म्हणजे किती? तुमच्या गाडीचं काय झालं होतं ते लिहा, म्हणून हा धागा.

घाटवळण
लिंबाचा दोष नाही, झोपा निवांत. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं त्यामुळे थांबवायचं निम्म्याहून जास्त काम पुढच्या चाकांवर येतं, आणि गाडीचा वेग जातो कुठे तर उष्णता होऊन डिस्कमध्ये. मी एकदा गंमत म्हणून हिशोब केला होता. एक टनाची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरते म्हणजे साधारण 500 मीटर खाली, सगळा उतार नुसत्या ब्रेकवर काढला तर त्या उष्णतेत 15 लिटरची बादली उकळेल. आंघोळीचं पाणी तापवत उतरायचं नसेल तर सेकंड गिअर टाका, इंजिन धरून ठेवतं. आमचे मामा एसटीत ड्रायव्हर होते, ते सांगायचे ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. आणि उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणाऱ्यांना तर दंडवतच.

कोल्हापुरी चप्पल
माझा अनुभव मात्र उलटा आहे म्हणून लिहितोय. मलाही सर्व्हिस सेंटरवाले नॉर्मल नॉर्मल म्हणत होते पण माझं डावं चाक जास्त तापायचं, उजवं कमी. गाडी डावीकडे ओढायची, मायलेज पडलं, जळका वास यायला लागला तेव्हा ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने जॅक लावून चाक हाताने फिरवलं तर फिरेचना. कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेक पॅड डिस्कवर दाबणाऱ्या चिमट्याच्या, पिना कोरड्या पडून अडकल्या होत्या, पॅड सतत डिस्कला घासत होता. साफ करून ग्रीस लावलं, एक पॅड बदलण्याइतका झिजलेला म्हणून जोडी बदलली. तेव्हा दोन्ही पुढची चाकं सारखीच गरम आहेत का ते आधी बघा, एकच तापत असेल तर सोडू नका.

विसरभोळी
माझी मागची चाकं तापली होती :D हडपसर ते सासवड, दिवेघाट चढून, हँडब्रेक अर्धा ओढलेलाच! गाडी ओढत नाही म्हणून गाडीलाच शिव्या देत होते. डॅशबोर्डवरचा लाल दिवा नवऱ्याने दाखवला, वर आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटला.

आळशी चालक
घाटातून उतरल्या उतरल्या धाब्यावर पोराला गाडी धुवायला देऊ नका हो. तापलेल्या डिस्कवर पाइपचं गार पाणी पडलं की डिस्क वाकडी व्हायची भीती असते. माझं तसंच झालं असावं, नंतर ब्रेक दाबला की स्टीअरिंग थरथरायचं आणि डिस्क बदलावी लागली. नेमकं कारण तेच का ते मेकॅनिकलाही छातीठोक सांगता आलं नाही, पण आता मी अर्धा तास चहा पितो, मग पाणी.

वायरलेस
इलेक्ट्रिक गाडीवाला. आमची चाकं बऱ्यापैकी गार असतात कारण पाय उचलला की मोटरच गाडी धरते आणि बॅटरी भरते. ब्रेक इतका कमी लागतो की पावसाळ्यात डिस्कवर गंज दिसतो.

नवखा सारथी
आभार मंडळी. आज ऑफिसला जाऊन आल्यावर दोन्ही पुढची चाकं बघितली, सारखीच कोमट. वास नाही, ओढत नाही. हात डिस्कपाशी न नेता रिमजवळ धरायचा असं बाबांना सांगितलं तर ते आता तव्यावर शिंपडतात तसे पाण्याचे चार थेंब टाकून बघतात, चुर्र वाजलं का. आळशी चालक, चार थेंब चालतील ना?

आळशी चालक
चार चालतील. बादली नको :)