काकांचा जुना हरिहरचा लेथ भंगारात द्यायचा का?

डिचोलीकर:
नमस्कार मंडळी. डिचोलीत आमच्या काकांचं छोटं वर्कशॉप आहे, पूर्वी बार्जची (खनिज वाहणाऱ्या बोटींची) कामं धो धो यायची, शाफ्ट, बुश, पंपाचे स्लीव्ह, मग 2012 ला खाणी बंद पडल्या तसं काम आटलं आणि काकाही आता थकलेत. मधोमध कर्नाटकातल्या हरिहरचा किर्लोस्कर लेथ, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन, उभा आहे, दोन पावसाळे ताडपत्रीखाली. मी टर्नर, आयटीआय केलं, वेर्ण्याला सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) आठ वर्षं काढली, आता स्वतःचं सुरू करायचंय. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला, काकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. मला वाटतं हा काढून राजकोटचा नवा सहा फुटी घ्यावा, कारण याचा लीड स्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला 4 आट्यांचा आहे आणि आता तर सगळं मेट्रिक लागतं. काय करू?

फोंड्याचा टर्नर:
भाऊ थांब, आधी बेड (ज्यावर सगळं सरकतं तो खालचा लांब पाया) बघ मग भंगारवाल्याला फोन कर. चकपासून (जॉब पकडून फिरवतो तो) हातभर अंतरावर बेडच्या कडेला नख फिरव, पायरी लागली तर तिथे झीज आहे, सगळी कामं तिथेच होतात ना. मग सॅडलची (बेडवर सरकणाऱ्या, टूल धरणाऱ्या भागाची) गिब, म्हणजे ढिलेपणा काढायची पट्टी, चकजवळ जेमतेम घट्ट कर आणि सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या आधाराकडे ने. तिकडे अडकायला लागला तर समज चकजवळ बेड झिजून खाली गेलाय. शेवटी टेलस्टॉक न लावता 50 मिमीचा बार चकबाहेर 150 मिमी काढ, दोन टोकांना दोन पट्टे सोडून मधलं खाली कर आणि टूल न हलवता दोन्ही पट्ट्यांवर एकच हलका कट मार, मायक्रोमीटरने दोन्ही मोज, सारखे यायला हवेत.
पण हे सगळं लेव्हल लावल्यावर! आपल्याकडे निम्म्या वर्कशॉपात मशीन चिऱ्यांच्या जोत्यावर उभी असते, एक पाय खचला की बेड पिळतो आणि लोक बिचाऱ्या मशीनला दोष देतात.

मांडवीपार:
इंची लीड स्क्रूसाठी मशीन विकू नका हो. 127 दात्यांचा गिअर असला की झालं, 1 इंच म्हणजे 25.4 मिमी, त्याची पाचपट 127, म्हणून तोच आकडा. तुमचा स्क्रू 4 आट्यांचा म्हणजे पिच 6.35 मिमी, 2 मिमीचे आटे पाडायचे तर स्पिंडलकडून फिरवणारा गिअर 40 चा, स्क्रूकडचा 127 चा, हिशेब दाताला दात जुळतो. फक्त मेट्रिक पाडताना हाफ नट (सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा) मधे उघडायचा नाही, टूल मागे घ्यायचं आणि मशीन उलटी फिरवून परत आणायचं. मी घाईत एकदा उघडला होता, पाच कट घेतलेला जॉब सरळ भंगारात, वर मालकाची बोलणी.
आणि बार्जवर जुने व्हिटवर्थ बोल्ट (जुन्या इंग्रजी इंची मापाचे) अजून निघतात, आट्याचा कोन 55 अंशांचा. मेट्रिकचा 60 अंशांचा टूल घासून चालणार नाही, तेव्हा हाच इंची स्क्रू कामाला येईल.

आबा_म्हापसा:
अरे बाबा, हे बोल्ट ज्याच्या नावाचे तो व्हिटवर्थ पण ज्याच्या हाताखाली शिकला तो मॉड्स्ले. 1800 च्या आसपास लंडनला त्याने स्लाइड रेस्ट (टूल धरून सरकवणारा भाग), लीड स्क्रू आणि बदलायचे गिअर एकाच लेथवर आणले, त्याआधी बहुतेकदा टूल हातात धरूनच आटे पाडायचे, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नव्हती. तू सीएनसीवर प्रोग्रॅम लिहिलास तेव्हा स्पिंडलच्या फेऱ्यांशी टूलची चाल बांधणं हीच गोष्ट करत होतास, गिअरच्या जागी फेऱ्या मोजणारा एन्कोडर आणि सर्वो मोटर आली एवढंच.
आणि किर्लोस्कर म्हणशील तर लक्ष्मणराव आधी बेळगावात सायकलचं दुकान चालवायचे, चोर्ला घाट चढला की आपल्या शेजारीच. 1910 ला किर्लोस्करवाडी, 1941 ला हरिहर. काकांनी चहा दिला नाही ते बरोबरच केलं.

फोंड्याचा टर्नर:
सीएनसी लागेल ते पाचशे सारख्या पिना असतील तेव्हा. ट्रॉलरवाला दुपारी झिजलेला एकच शाफ्ट घेऊन दारात उभा राहतो, संध्याकाळी भरतीला निघायचं असतं, तेव्हा प्रोग्रॅम कुठे लिहीत बसतोस?

डिचोलीकर:
आज काका आणि मी दोघांनी ताडपत्री काढली. नखाला पायरी लागली, पण बारीक. पहिल्या चाचणीत दोन पट्ट्यांत 0.09 मिमी फरक आला, मी हिरमुसलो, मग लेव्हल ठेवून बघितली तर टेलस्टॉककडचा मागचा पाय खरंच खचलेला. पत्र्याची शिम घातली, परत कट, 0.03. काका काही बोलले नाहीत, पण कपाटातून तेलकट पेपरात गुंडाळलेला 127 चा गिअर काढून माझ्या हातात दिला. भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. आता सांगा, पावसाळ्यात बेडला गंज येऊ नये म्हणून रोज साधं स्लाइडवे ऑइल पुरतं की ग्रीसच लावू? देव बरें करूं.