सलूनची मालकीण?

अडलेली: केटी हुरादो या नटीवर लेख करतेय. 'हाय नून' (१९५२) या वेस्टर्न सिनेमातली हेलन रामिरेझ, त्यासाठी गोल्डन ग्लोब, मग 'ब्रोकन लान्स' (१९५४) ला ऑस्कर नामांकन, मेक्सिकन नटीला पहिल्यांदाच. मी लिहिलं 'हेलन गावातल्या सलूनची मालकीण असते', आई वाचून म्हणाली, बाई दाढ्या करायची का गं? काय लिहू?

चहाटळ: दारूचा गुत्ता. हाय काय नाय काय.

निशाचर: छे हो, गुत्ता म्हटलं की नवसागराचा वास नि फडकं टाकलेला दरवाजा आठवतो. हेलन बघा, काळा पोशाख, ताठ मान, वरच्या खोलीत बसून धंदा सांभाळते, शिवाय गावातल्या दुकानात छुपी भागीदार. तिला गुत्तेवाली म्हणवत नाही.

बालाघाटी: गुत्त्याला नावं ठेवू नका. गुत्ता म्हणजे मक्ता, कन्नडमधे गुत्तिगे, दारूच्या मक्त्यावरून दुकानालाच ते नाव चिकटलं असणार. आमच्या मराठवाड्यात गुत्तेदार म्हणजे रस्त्याची कामं घेणारा. माझ्या वडलांनी पुण्याच्या सोयऱ्यांना 'मी गुत्तेदार आहे' सांगितलं, तर तिकडे दोन दिवस सन्नाटा, मग मध्यस्थाने कंत्राटदार असं फोड करून सांगितलं तेव्हा कुठे बैठक ठरली.

शुद्धमती: मद्यालय हा स्वच्छ मराठी शब्द असताना ही वणवण कशाला?

चहाटळ: काकू, आमच्या चौकात केशकर्तनालय अशी पाटी आहे. तिथून डोकं भादरून आलेला एकजण दाखवा जो घरी 'केशकर्तनालयात गेलो होतो' म्हणतो.

शुद्धमती: पाटी आहे ना? मग शब्द जिवंत आहे. आणि मद्यालय संस्कृत म्हणून नको असेल तर तुमचं सलून तरी कुठलं, फ्रेंच दिवाणखानाच तो.

रुळावरचा: आजोबा रेल्वेत होते, त्यांच्या तोंडी सलून म्हणजे साहेबाचा खास डबा. साहेबाचा सलून लागला की स्टेशनात झाडलोट.

निशाचर: ते हुरादो का लिहिलंय? आम्ही जुराडो वाचत आलो.

अडलेली: स्पॅनिशमधे तिथे ह. तिला स्वतःला 'बुलफायटर अँड द लेडी' (१९५१) च्या वेळी इंग्रजी जेमतेम, संवाद कानाने ऐकून पाठ केले. पण माझं सलून?

बालाघाटी: तिच्या नावात ड की द, ते आधी ठरवा.