सभासद कोण, हे आधी बघा
खान्देशात कामगारांच्याच मालकीच्या सहकारी संस्था उभ्या राहतील का, या चर्चेत म्हटलं जातं की खान्देशाला सहकार नवा नाही, साखर कारखाने आहेत, सूतगिरण्या आहेत. आहेत ना! पण सभासद कोण? ऊसवाला, कापूसवाला. यंत्रावर उभा असलेला कामगार नोकरच. केरळात उरालुंगलची मजूर संस्था १९२५ पासून चाललीय, तिथे कामगारच मालक. आपल्याकडच्या मजूर संस्थांत बऱ्याचदा मजूर सभासद म्हणून सहीपुरता, कामाचं बिल मात्र ठेकेदाराच्या खिशात.

माझ्या मते कामगारच मालक असलेल्या संस्थेची सुरुवात जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळी काढणाऱ्या टोळ्यांपासून व्हावी. घड कापायचे, वाहायचे, ट्रक भरायचा. भांडवल थोडं, कसब त्यांचंच. खरी अडचण उचलीची, म्हणजे आगाऊ पैशांची. अडीनडीला पैसे मुकादमच देतो. संस्थेने आधी तेवढा निधी उभा केला नाही, तर टोळी पुन्हा त्याच्याच दारात जाईल.