पदर, ब्लेझर आणि सकाळचा टीव्ही: ‘साडी गेली तसे संस्कार गेले’वाल्यांसाठी

पदरखेच

कालपासून तोच मजकूर चौथ्यांदा आला. तीन मावश्यांकडून आणि या मंचावरच्याच एका ज्येष्ठ सदस्याकडून. सारांश असा: पूर्वी सकाळी टीव्ही लावला की काठपदराची साडी, गजरा, मंद हसू, शुद्ध मराठी. आता मोकळे केस, ब्लेझर, सोफ्यावर पायावर पाय, समोर नाश्त्याची बशी आणि अखंड खिदळणं. ‘तेव्हा निवेदिका होत्या, आता नट्या आहेत. साडी गेली तसे संस्कार गेले.’ खाली हात जोडल्याची तीन चित्रं.

मी एका खाजगी मराठी वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमाचा कपडेपट सात वर्षं सांभाळला. साडी का गेली ते मला माहीत आहे. माइकमुळे गेली. पूर्वी टेबलावर उभा माइक असायचा, पदर कितीही सळसळो. मग कॉलरचा माइक आला. तो पदराला लावला आणि बाईंनी मान वळवली की खसखस खसखस. कडक खळीची सुती साडी असेल तर ध्वनीवाला काचेपलीकडून हात जोडायचा. ब्लेझरच्या कॉलरला चिमटा लावला की काम झालं.

त्याआधीचंही ऐका. माझ्या आधी तीस वर्षं हेच काम केलेल्या बाईंनी मला हे शिकवलं. कृष्णधवलच्या दिवसांत लाल आणि हिरवा सारख्याच गडदपणाचे असले तर पडद्यावर दोन्ही करडे. पांढरीशुभ्र साडी नेसली की चेहरा काळवंडायचा. बारीक पट्टे आणि बारीक चौकडी वर्ज्य, कारण पडद्यावर मुंग्या लागल्यासारखी वळवळतात. म्हणून रुंद काठ आणि सपाट अंग. तुम्ही ज्याला अभिरुची म्हणता ती कॅमेऱ्याची लाचारी होती. १९८२ला रंग आला तेव्हा सगळ्यांनी एकदम मोरपंखी नेसून घेतलं. नंतर पाठीमागे क्रोमाचा हिरवा पडदा आला (जिथे हिरवं दिसेल तिथे दुसरं चित्र बसवतात), आणि हिरवी साडी नेसलेल्या बाईच्या पोटातून मंत्रालय दिसायला लागलं. मग हिरव्यावर बंदी.

मंद हसू? हातात कागद असायचे. मान खाली, वाक्य संपलं की वर. तेवढ्यात किती हसणार? टेलिप्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यासमोरच मजकूर दाखवणारं यंत्र, आल्यावर नजर समोर राहायला लागली, मग त्या नजरेचं काय करायचं हा प्रश्न आला.

आणि संस्कारांचंच बोलायचं तर दूरदर्शनवर बातम्या देणाऱ्या स्मिता पाटीलचा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. वर साडी, टेबलाखाली जीन्स. कॅमेरा टेबलाच्या वर होता, म्हणून तुमचे संस्कार शाबूत राहिले.

आमच्याकडे सणाच्या आठवड्यात पैठण्या यायच्या. प्रायोजक दुकानाकडून, परतीच्या बोलीवर. हळदीचा डाग पडला तर पैसे माझ्या पगारातून.

जुनासेट

मजकूर मीच पाठवला होता. ‘ज्येष्ठ सदस्य’ असा टोमणा मारण्यापेक्षा सरळ नाव घ्यायचं होतं.

ताई, तुमचा माइक, तुमचा क्रोमा, सगळं मान्य. पण खिदळायला माइकने सांगितलं होतं का? प्रदीप भिडे बातम्या द्यायला लागले की आमच्या चाळीतल्या एकमेव संचासमोर अकरा घरांची माणसं गप्प बसायची. माझे वडील गिरणीतून आलेले असायचे, ते त्या आवाजासाठी हातपाय धुवून बसत. २०२२ साली भिडे गेले तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. अनंत भावे, भक्ती बर्वे, एकेक आवाज आजही कानात आहे. आजच्यांपैकी एकीचं तरी नाव कुणाला सांगता येईल का? सहा महिन्यांनी चेहरा बदललेला असतो.

निशाचर

काका, एक बारीक खोडी काढतो. तुम्ही घेतलेली नावं संध्याकाळची. दूरदर्शनने रोजचं सकाळचं प्रक्षेपण सुरू केलं फेब्रुवारी १९८७ मध्ये, रामायण सुरू झाल्यावर महिन्याभराने, आणि ते दिल्लीहून. सकाळी तुम्ही काठपदर पाहिला असेल तर तो हिंदी नाहीतर इंग्रजी बोलत होता. मराठीत सकाळचे गप्पांचे कार्यक्रम खरे रुजले ते खाजगी वाहिन्यांवर. ई टीव्हीवर राजू परुळेकरांचा ‘संवाद’, झीवर ‘राम राम महाराष्ट्र’. म्हणजे ज्यांनी संस्कार बुडवले म्हणता, त्यांनीच सकाळी मराठी आणलं.

तुम्ही संध्याकाळचं दूध सकाळच्या चहात ओतलंत.

जुनासेट

बरं, संध्याकाळ तर संध्याकाळ. मुद्दा तोच राहतो.

निशाचर

राहतो कसा? मजकुराची पहिलीच ओळ ‘पूर्वी सकाळी टीव्ही लावला की’ अशी आहे.

शुद्धलेखन्या

साडी आणि ब्लेझर दोन्ही गेले चुलीत. तोंडाचं बोला. सकाळी सातला बाई सोफ्यावर बसून म्हणते, ‘जे तापमान आहे ते त्या ठिकाणी आपल्याला वाढलेलं पाहायला मिळतंय.’ अहो, तापमान वाढलंय! दोन शब्द! ‘त्या ठिकाणी’ म्हणजे नक्की कुठे? आणि ‘माझी मदत करा’. मराठीत ‘मला मदत करा’ असतं, ‘माझी’ हिंदीतून आलंय. ‘मी त्याला बोलले’ हेही तसंच, म्हणाले म्हणा की. पूर्वीच्या निवेदकांच्या तोंडून असलं एक वाक्य काढून दाखवा. ‘ण’ आणि ‘न’ यातला फरक कळत नाही अशा माणसाला कॅमेऱ्यासमोर बसवतातच कसे?

जुनासेट

+१. हेच म्हणायचं होतं, साडी हे केवळ निमित्त.

पदरखेच

वा! आता साडी निमित्त झाली. मजकुरात तर साडीवर सहा ओळी आहेत.

वऱ्हाडी ठेचा

हा ‘ण’चा विषय निघाला म्हणून लिहून राहिलो, एरवी असल्या धाग्यांत मी पडत नाही.

१९९६. अमरावतीहून रात्रभर एसटीनं एका केंद्रावर निवेदकाच्या चाचणीला गेलो होतो. आठ दिवस आरशासमोर घोकलं होतं. कागद दिला, वाचला. एकही ‘ण’ चुकला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पलीकडून आवाज आला, ‘आवाज छान आहे हो तुमचा. जरा पाणी म्हणून दाखवा.’ म्हटलं, पाणी. ‘परत म्हणा.’ पाणी. काचेमागे दोघं हसली. ‘शब्द बरोबर आहे, पण सूर गावाकडचा येतो.’ सूर! परतीच्या गाडीत मी कोणाशीच बोललो नाही. पुढे बँकेत लागलो, चांगलं झालं, तक्रार नाही.

पण ते ‘शुद्ध मराठी’ कोणाच्या घरात बोलत होते, तेही एकदा सांगून टाका. पुण्याच्या चार पेठा आणि मुंबईचा एक पट्टा. बाकी महाराष्ट्रानं फक्त ऐकायचं. आज परभणीची, नांदेडची पोरगी ‘न’ म्हणत का होईना, स्क्रीनवर बसली आहे. मला ती चालते.

शुद्धलेखन्या

तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण एका व्यक्तीच्या अनुभवावरून प्रमाणभाषा मोडीत काढता येत नाही. सगळ्यांना कळेल अशी एक भाषा लागतेच. उद्या प्रत्येकाने आपापल्या बोलीत बातम्या दिल्या तर रत्नागिरीच्या माणसाला गडचिरोलीची बातमी कळणार कशी? गायकाला सूर लागतो, तसा निवेदकाला उच्चार लागतो. जमत नसेल तर दुसरं काम करावं, त्यात अपमान कसला?

वऱ्हाडी ठेचा

जमत नसेल? मला जमत होतं, बाप्पा! तेच तर सांगून राहिलो. वाचता तरी का समोरच्यानं लिहिलेलं?

आजीचा चष्मा

कोल्हापूरकडच्या आम्ही बायका ‘मी जातो, मी येतो’ म्हणतो. शुद्धलेखन्यांच्या हिशेबात आम्ही बाईसुद्धा नाही. (हलके घ्या.)

शुद्धलेखन्या

मी असं कुठेही म्हटलेलं नाही. तोंडात शब्द घालू नका.

वऱ्हाडी ठेचा

नाही, तुम्ही शब्द काढूनच घेता तोंडातले.

थेम्सकाठचा

तेवीस वर्षं इंग्लंडात आहे म्हणून चार ओळी. ‘सकाळचा टीव्ही बिघडला’ ही ओरड इकडे जन्मापासून आहे. १७ जानेवारी १९८३ला बीबीसीने ब्रेकफास्ट टाइम सुरू केला. फ्रँक बफ हा खेळांच्या कार्यक्रमांतला मुरलेला निवेदक टाय सोडून स्वेटर घालून सोफ्यावर बसला, शेजारी सेलिना स्कॉट. तेव्हाही हळहळले लोक. दोन आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला, टीव्ही-एएम हे खाजगी सकाळचं प्रक्षेपण आलं. तिथे डेव्हिड फ्रॉस्ट, अँजेला रिपन, अ‍ॅना फोर्ड, मायकल पार्किन्सन, रॉबर्ट की असे पाच वजनदार लोक, गंभीर पत्रकारिता वगैरे. लोकांनी पाहिलंच नाही. त्याच वर्षी रिपन आणि फोर्ड यांना घरी पाठवलं. मग तारलं कुणी? रोलंड रॅट नावाच्या कापडी उंदराने. त्या इमारतीच्या छपरावर अंडी ठेवायच्या कपांच्या मोठाल्या प्रतिकृती होत्या, तोच काय तो त्यांचा नाश्ता.

अमेरिकेत तर एनबीसी वाहिनीचा टुडे हा सकाळचा कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी प्रेक्षक मिळवायला त्यांनी चिंपांझी आणून बसवला, जे. फ्रेड मग्ज. चांगले कपडे घालून. तेव्हा काका, आपल्याकडे फक्त ज्योतिषी आले, यात समाधान माना.

जुनासेट

चिंपांझी खिदळत तरी नसेल.

निशाचर

ज्योतिष्यांचा विषय निघालाच आहे तर, सकाळी सातला राशिभविष्य, साडेसातला रुद्राक्षाची जाहिरात, त्यानंतर ‘आत्ता फोन करा’. याबद्दल कुणी मजकूर फिरवत नाही. तो गृहस्थ रेशमी झब्बा, उपरणं, गंध अशा संपूर्ण संस्कारी वेशात असतो. माझ्या काकूने असल्या एका यंत्रासाठी पेन्शनमधले पैसे पाठवले होते. आणि राग कुणाचा? ब्लेझरवाल्या मुलीचा.

पदरखेच

याला मात्र दंडवत.

थेम्सकाठचा

शिवाय दूरदर्शन तरी कुठे तसंच राहिलं? एप्रिल २०२४मध्ये डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला...

आजीचा चष्मा

अहो नको. राजकारण नको. धागा बंद पडेल.

थेम्सकाठचा

रंगाबद्दलच बोलतोय. धागा रंगरूपाचाच आहे ना?

शुद्धलेखन्या

मूळ मुद्द्याकडे येतो. ठेचाभाऊ, रात्री तुमचं पुन्हा वाचलं. त्यांनी हसायला नको होतं. एवढं लिहितो आणि याहून जास्त लिहिणार नाही. ‘त्या ठिकाणी’ला मात्र माफी नाही.

वऱ्हाडी ठेचा

‘त्या ठिकाणी’ला मीही रोज शिव्या घालतो. आमच्या अमरावतीत तसं कोणीच बोलत नाही. ते गावाकडचं नाहीच, ते स्टुडिओतच पैदा झालं आहे. थेट प्रक्षेपणात पुढचं वाक्य सुचेपर्यंत वेळ काढायचा असतो, त्यातून. माझा भाचा वार्ताहर आहे, तोच कबूल करतो. कानात एक जण ‘बोलत राहा, बोलत राहा’ ओरडत असतो, मग तो जे आहे ते त्या ठिकाणी बोलत राहतो.

शुद्धलेखन्या

म्हणजे दोष बोलीचा नाही, वेळकाढूपणाचा. बरं. हे पटण्यासारखं आहे. दुर्दैवाने.

पदरखेच

शंभर प्रतिसाद होतील आणि माझा माइक कुणाला आठवणार नाही. काका, एकदा स्पष्ट सांगा. ब्लेझर मान्य की नाही?

जुनासेट

ब्लेझर मान्य. तुमच्या त्या खसखशीपायी. सोफा अमान्य. पाहुण्याशी बोलताना पाय खाली ठेवावेत. आणि बशी तर मुळीच नाही. तोंडात घास घेऊन ‘अप्रतिम!’ म्हणणं हे कोणत्या कॅमेऱ्याच्या लाचारीत बसतं?

पदरखेच

टेबलामागे बसून मसाल्याची जाहिरात करता येत नाही, काका. बशी समोर हवी, पाकीट बशीशेजारी हवं, पाकिटाचं नाव कॅमेऱ्याकडे हवं. म्हणून टेबल गेलं आणि सोफा आला. बाईंना भूक नसायची.

आजीचा चष्मा

आमच्या सासूबाई चार वर्षं झाली, सकाळचा टीव्ही आवाज बंद करूनच लावतात. कानाचं यंत्र नऊशिवाय घालत नाहीत. आज कुठली साडी, कुठला ड्रेस, बशीत काय, एवढंच बघतात. काल म्हणाल्या, ‘हिने तेच थालीपीठ सोमवारीही खाल्लं होतं.’

पदरखेच

त्यांना माझा नमस्कार सांगा, कारण तेच असतं. आमचा सकाळचा कार्यक्रम आदल्या दुपारी चित्रित व्हायचा, एका दिवसात तीन भाग. प्रत्येक भागाआधी साडी बदलायची, थालीपीठ तेच. तिसऱ्या भागापर्यंत ते चामड्यासारखं झालेलं असायचं, मग वरून ब्रशने तेल लावायचं म्हणजे ताजं चकाकतं. ‘अप्रतिम’ म्हणून झालं की बाई घास कागदात काढून ठेवायच्या. तो कागद धरायलाही मीच.

जुनासेट

म्हणजे ‘सुप्रभात’ दुपारी म्हणायच्या?

पदरखेच

साधारण साडेतीनला.

जुनासेट

आणि थालीपीठसुद्धा खोटं?